कोरडं मापक

खडीचा ढीग आपोआप सरकला. कुणी हात लावला नव्हता, कुणी पाय दिला नव्हता, वाराही नव्हता. दुपारच्या पाळीला निघालेला तो फूटपाथवरून चालला होता. नव्या इमारतीसमोर ओतून ठेवलेल्या ढिगाच्या अंगावरून ओंजळभर खडी खळ्ळ करून खाली आली आणि त्याच्या बुटाशी येऊन थांबली. बस्स, एवढंच. शेजारून माणसं गेली, एका बाईने ‘अहो, वाटेत काय उभे राहता’ म्हणून वळसा घेतला, आणि हा आपला खिळल्यासारखा तिथेच. एवढ्याशा खडीने घोड्यासारखा माणूस दचकतो का? दचकतो. ज्याची निम्मी नोकरी डोंगरांनी आपापल्या जागी गप्प बसावं म्हणून जीव मुठीत धरून बसण्यात गेली, तो दचकणारच. त्याने मान वर करून पाहिलं. आभाळ गच्च भरलं होतं, पण अजून पडत नव्हतं. संध्याकाळच्या गाडीने दादा यायचा होता.

ढीग करून ठेवलेली कुठलीच वस्तू अलीकडे त्याला बघवत नसे. कपाटात घड्या घातलेल्या टॉवेलांची उंच चळत दिसली की तो वरचे दोनचार काढून शेजारी ठेवी. ‘अहो, त्या टॉवेलांखालून गाडी जाणार नाहीये,’ बायको म्हणे. साखरेच्या डब्यात चमचा घातला की कडेची साखर घसरते, ती घसरेपर्यंत तो बघत राही आणि चहा गार होई. सुरुवातीला ती हसायची. ‘त्या डोंगराला मी सवत म्हणू का, सांगा तरी एकदा,’ असं पाहुण्यांसमोर विचारायची, आणि पाहुणेही हसायचे. मग कधीतरी तिचं हसणं थांबलं. आज निघताना तिने छत्री हातात दिली आणि दार धरून म्हणाली, ‘भाऊजींना आणायला स्टेशनवर तुम्ही जायचंय, मी नाही. आणि तोंड उघडा जरा. ते एवढे येताहेत ना स्वतःहून?’ तो हो म्हणाला. येतोय खरा. पण येणार त्याच मार्गाने, त्याच खिंडीतून, आणि आभाळ हे असं.

त्याचं ऑफिस स्टेशनच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या होत्या, पण पडदे कायम ओढलेले, म्हणजे संगणकाच्या पडद्यांवरचे दिवे नीट दिसावेत. जगात ऊन आहे की पाऊस, हे तिथल्या माणसांना आकड्यांवरून कळायचं. त्याचं टेबल कोपऱ्यात. त्याला सगळे पावसाचं टेबल म्हणत आणि त्याला छत्रीसाहेब, कारण भर उन्हाळ्यातही त्याच्या खुर्चीला छत्री लटकलेली असे. काम सांगायला सोपं होतं. पाऊस झाला की पाणी भरावात मुरतं, रुळांखालची माती वाहते, कडेचे उतार सुटतात. कुठे किती पाऊस पडला की गाड्या हळू चालवायच्या आणि किती पडला की थांबवायच्या, हे त्याने बघायचं. पावसाच्या आधी माणसं पाठवून डोंगरमाथ्यावरचे चर साफ करून घ्यायचे, जाळ्या तपासायच्या, नाल्यांची तोंडं मोकळी करायची. आणि पाऊस सुरू झाला की नुसतं बसायचं. घडू नये म्हणून बसायचं. बाकीच्यांच्या कामाचं काहीतरी दिसतं. सुताराने केलेलं टेबल दिसतं, डॉक्टरने बरा केलेला माणूस चालत घरी जातो. याचं काम चोख झालं तर काहीच होत नाही. आणि काही झालं नाही, ते याने थांबवलं म्हणून, की ते तसंही होणार नव्हतं, हे सांगायला कोण येणार? पूर्वी त्याला याची मौज वाटायची. तरुणपणी तो घरी फुशारकी मारायचा की आज मी न झालेला अपघात टाळला, आणि वडील वर्तमानपत्राआडून म्हणायचे, ‘वा! मग न मिळालेला पगारही आणला असशील.’

वडिलांचा स्वभाव असा, तिरका. दादाचाही तोच. दोन तिरकी माणसं एका घरात, मधे आई होती तोवर चाललं. आई आजारी पडली तेव्हा दादा म्हणत होता शहरात हलवा, मोठ्या दवाखान्यात दाखवा, आणि वडील म्हणत होते आपला डॉक्टर काय मेलाय का? आई गेली. घरात माणसं बसली होती, आणि त्या भरल्या घरात दादा सगळ्यांदेखत वडिलांना म्हणाला, ‘तुम्ही मारलंत तिला.’ वडील काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद ते वर्षानुवर्षं बंद. दादा दुसऱ्या गावी राहायला गेला. वडिलांजवळ आत्या येऊन राहिली. धाकटा म्हणून हा दोन्हीकडचे निरोप पोचवायचा, निरोप नसले तर आपल्या मनाने तयार करायचा. ‘बाबा तुझी चौकशी करत होते.’ ‘दादा म्हणत होता, तब्येतीला जपा म्हणावं.’ दोघांनाही ठाऊक असायचं की हे खोटं आहे, आणि दोघंही ऐकून घ्यायचे.

आणि मग वडिलांचंच दुखणं आलं. आत्याचा फोन सकाळीच आला की रात्र कशीबशी काढलीय, आणि एकच घोकतोय, थोरल्याला बोलवा. थोरल्याला! त्याने दादाला फोन केला. दादा एवढंच म्हणाला, ‘निघतो.’ दादाच्या गावाहून वडिलांच्या गावी जायला ती एकच गाडी, त्याच खिंडीतून येणारी. हा टेबलावर होता. बदली माणूस आला की हाही निघणार होता. पाऊस होता, पण तसा बेताचाच. खिंडीच्या उतारावर लोखंडी खुंट पुरलेले आहेत. उतार सरकायला लागला की खुंट कलतात आणि इथे दिवा लागतो. त्या दिवशी दिवा लागला. एका खुंटाचा, चांगला लालभडक. गाडी अलीकडच्या छोट्या स्टेशनात शिरत होती. त्याला माहीत होतं गाडीत कोण आहे ते. फक्त त्यालाच माहीत होतं. त्याने फोन उचलला आणि गाडी थांबवली, कारण हात त्यासाठीच तयार झालेला होता. मग माणसं पायी खिंडीत गेली, चढली, पावसात चाचपडत खुंटापाशी पोचली, आणि अख्खी दुपार गेली. उतार जसाच्या तसा. खुंटाभोवती खुरांचे ठसे आणि खुंटाला चिकटलेले केस. एका जनावराच्या पाठीला खाज सुटली होती, त्याने खुंटाला अंग घासलं होतं. एवढंच. गाडी सोडली तोवर वडील गेले होते. आत्या नंतर म्हणाली, शेवटपर्यंत दाराकडे बघत होता रे. कुणी आलं की मान उचलायचा.

दादाने कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, पायावर डोकं ठेवता आलं असतं. दादाने विनोद केला. दिवसकार्य आटोपल्यावर सगळे निघाले तेव्हा दारात चप्पल घालताघालता तो म्हणाला, ‘काय रे, पडली का तुझी दरड?’ तेच तिरकं हसू. पुढे फोन कमी होत गेले, आणि जो फोन येई त्यात शेवटी हे असायचंच. ‘आज कुणाच्या पाठीला खाज नाही ना सुटली? नाही, आपली सहज चौकशी.’ हा हसायचा. हसून फोन ठेवायचा. त्याला स्वप्नं पडत ती दरडीची नसत. स्वप्नात दरड कधीच पडायची नाही. नुसती ती खिंड, दोन्ही बाजूंनी उंच, ओली, काळी, मधे रूळ, आणि सगळं जिथल्या तिथे. तो खाली उभा राहून वर ओरडायचा, ‘पड ना! पड एकदाची!’ आणि डोंगर वडिलांसारखा गप्प. जाग आली की घसा खरोखरच कोरडा पडलेला असायचा.

त्या प्रकारानंतर ऑफिसात बैठक झाली. एवढे लोक अडकून पडले, वर्तमानपत्रात आलं, वरून विचारणा झाली. मोठे साहेब म्हणाले, पुन्हा असं होता कामा नये. आणि उपाय सुचवला तो यानेच. एका खुंटावरून गाडी थांबवायची नाही. खुंटही कलला पाहिजे आणि माथ्यावरच्या मापकात पाऊसही हद्दीबाहेर गेला पाहिजे. दोघांनी मिळून सांगितलं तरच गाडी थांबेल. एकानेच सांगितलं तर गाडी फक्त हळू चालवायची. दोन साक्षी असल्याशिवाय शिक्षा नाही, असं तो बैठकीत म्हणाला आणि सगळ्यांना ते फार पटलं. नियमच झाला. त्याला तेव्हा वाटलं की हे आपण दादासाठी करतोय. कधी वाटायचं, त्या दारासाठी, ज्याच्याकडे बघत बाबा गेले. रुळांसाठी करतोय असं मात्र एकदाही वाटलं नाही, आणि ही गोष्ट ध्यानात यायला त्याला आजचा दिवस उजाडावा लागला.

तो खुर्चीत बसला, छत्री लटकवली, आणि तेवढ्यात पावसाला सुरुवात झाली. इथे नाही, तिकडे. पडद्यावर एकेक मापक जागं व्हायला लागलं. मापक म्हणजे काय, तर वर एक नरसाळं, खाली पन्हळीसारखी एवढीशी झुलती वाटी. वाटी भरली की कलंडते, आणि जितक्यांदा कलंडली तितका पाऊस. शेजारी नवी बसली होती. या ऋतूत कामाला लागलेली, हुशार पोरगी, सगळे तिला नवीच म्हणत. तिला त्यानेच शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी तिला मापकासमोर नेऊन नरसाळ्यात पाचोळा घातला होता आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं होतं. वाटी हललीच नव्हती. ‘लक्षात ठेव,’ तो म्हणाला होता, ‘धो धो पावसात जे मापक कोरडं राहतं, ते खोटं बोलतंय. ते तुंबलेलं असतं. त्याला सगळ्यात आधी घाबरायचं.’ तिने मान डोलावली होती आणि म्हणाली होती, ‘म्हणजे माझ्या काकांसारखं, सर. गप्प बसले की समजायचं, काहीतरी बिनसलंय.’ तेव्हा दोघंही खूप हसले होते.

पाऊस वाढत गेला. खिंडीच्या अलीकडचं मापक, पलीकडचं, नदीजवळचं, सगळी धडाधड सांगायला लागली. खिंडीच्या माथ्यावरचं मापक शून्य. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, ‘छत्रीसाहेब, आज जोर आहे हं.’ तो हूं म्हणाला. मग खुंटाचा दिवा लागला. तोच खुंट. त्याच क्षणी, खरं सांगायचं तर, त्याला ते जनावर दिसलं. डोळे मिटून, सुखाने, अंग घासणारं. त्याने गाडी कुठे आहे ते पाहिलं. छोट्या स्टेशनाच्या जवळ येत होती. दादा खिडकीशी बसला असेल, त्याला खिडकी लागतेच. मांडीवर पिशवी, पिशवीत वहिनी गेल्यापासून स्वतः शिकून केलेलं काहीतरी खायचं. मग शेजारच्या खुंटाचाही दिवा लागला.

‘सर,’ नवी म्हणाली.

‘बघतोय.’

‘दोन खुंट कललेत सर. आणि वरचं मापक शून्य दाखवतंय.’

‘दिसतंय मला.’

‘तुंबलंय ना ते?’ तिने विचारलं. अगदी सरळ विचारलं, शिकवलेलं म्हणून दाखवावं तसं. ‘चहूकडे एवढा पाऊस आणि तेवढं एक कोरडं कसं असेल?’

तो तिच्याकडे बघू शकला नाही. पडद्यावरच्या त्या शून्याकडे बघत राहिला. किती शांत होतं ते शून्य! त्याला वाटलं, खरंच नसेल पडत तिथे. डोंगरात असं होतं, या अंगाला झोडपतो आणि त्या अंगाला कोरडं. होतं की असं. त्याला ठाऊक होतं की असं होत नाहीये. पाचोळा कुठल्या झाडाचा असेल हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. एका फोनचं काम होतं. हात उचलायचा आणि गाडी थांबवायची. आणि मग दादा त्याच स्टेशनात पुन्हा अडकून बसणार. माणसं पायी चढणार. आणि वर पुन्हा खुरांचे ठसे निघाले तर? तर दादा काही बोलणार नाही. तर दादा हसेल. त्या हसण्याची त्याला इतकी भीती वाटली की बाकी सगळं, डबे, त्यांत बसलेली माणसं, त्यांची डुलक्या घेणारी मुलं, सगळं कुठेतरी लांब गेलं. ते आकडेच होते, रोजच्यासारखे.

‘मापक दाखवतंय तेच धरायचं,’ तो म्हणाला. ‘खुंट दोन कलले तरी साक्ष एकच. नियम काय आहे?’

‘हळू सोडायची. पण सर, तुम्हीच म्हणाला होता...’

‘नियम काय आहे?’

तिने मान खाली घातली. त्याने फोन उचलून सांगितलं, खिंडीतून चालत्या माणसाच्या गतीने न्या, ड्रायव्हरला नजर ठेवायला सांगा. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. मग गाडी पडद्यावरचा एक ठिपका होऊन खिंडीत शिरली. एवढ्या हळू कधी कुठला ठिपका सरकला नसेल. नवीने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. त्याला एकाएकी वडिलांच्या खोलीतली ती खाट आठवली, त्या शेवटच्या दुपारची, त्याने प्रत्यक्षात न पाहिलेली. तो पोचला तोवर सगळं आवरलेलं होतं. पण आत्ता ती स्वच्छ दिसली. वडील उशीवरून मान उचलून बघत होते, आणि दाराकडे नाही, त्याच्याकडे बघत होते. अरे, हे तू काय करतोयस? असं काहीतरी ते म्हणतील असं त्याला वाटलं. पण ते काही बोलेनात. नुसते बघत राहिले. ठिपका खिंडीच्या बाहेर आला. त्याने ताबडतोब फोन करून मार्ग बंद केला. आता पुढची कुठलीही गाडी नको, दोन खुंट कललेत, मापक नादुरुस्त आहे, माणसं पाठवा. ‘मापक नादुरुस्त आहे’ हे शब्द त्याच्या तोंडून निघाले तेव्हा नवीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. मग ती आपल्या पडद्याकडे वळली.

दादाला आणायचं म्हणून मागून घेतलेला बदली माणूस आल्यावर तो खाली उतरला आणि फलाटावर जाऊन उभा राहिला. शहरातही आता कोसळत होता. पत्र्यावर इतका आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. गाडी आत शिरत होती तेवढ्यात फोन वाजला. नवीचा.

‘सर, आली खाली,’ ती म्हणाली. ‘दोन्ही बाजूंची. रूळ दिसत नाहीत म्हणताहेत. झाडंबिडं सगळं घेऊन आलीय.’

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘मोठे साहेब इथे आलेत. तुमचं कौतुक चाललंय. म्हणताहेत, शेवटची गाडी काढून घेऊन मार्ग बंद केला, याला म्हणतात अंदाज.’ ती थांबली. ‘मी काही बोलले नाही सर.’

‘बरं,’ तो म्हणाला.

‘बोलणारही नाही. पण मला तुमच्या टेबलावर नको. दुसरीकडे द्या मला.’

फोन बंद झाला. गाडीची दारं उघडली आणि माणसं उतरायला लागली. पेंगुळलेलं मूल खांद्यावर टाकून एक बाप उतरला. दोन बहिणी असाव्यात अशा दोघीजणी, कशावरून तरी हसत, एकाच छत्रीत शिरायची धडपड करत. एक म्हातारा, उतरताना दांड्याला धरून, आधी एक पाय आणि मग दुसरा. तो म्हातारा त्याला म्हणाला, ‘जरा हात द्या हो.’ त्याने हात दिला. तो हात ऊबदार होता. त्याला वाटलं, हा हात सोडू नये. म्हातारा म्हणाला, ‘झालं झालं, सोडा आता,’ आणि निघून गेला. माणसं येतच होती. इतकी माणसं असतील असं त्याला तिथे वर बसून वाटलं नव्हतं.

दादा शेवटच्या डब्यातून उतरला. वाळला होता. कानांवरचे केस पार पांढरे झाले होते. पिशवी खाली ठेवून त्याने धाकट्याकडे पाहिलं, आणि ते तिरकं हसू आलंच नाही. तो पुढे झाला आणि त्याने याला सरळ मिठीच मारली. दादा! ज्याने आई गेली तेव्हाही कुणाला जवळ घेतलं नव्हतं, तो.

‘त्या स्टेशनात गाडी हळू झाली ना,’ दादा त्याच्या कानाशी म्हणाला, ‘म्हटलं, झालं. आता हा थांबवतोय. डोळेच मिटून घेतले मी. पण निघाली रे! हळूहळू हळूहळू निघाली. त्या खिंडीतून येताना मी बाबांशी बोलत होतो, सांगतो तुला. मनातल्या मनात. सगळं बोललो. किती वर्षांचं साठलेलं.’

‘दरड कोसळली, दादा,’ तो म्हणाला. ‘तुझी गाडी गेल्यावर.’

दादा मागे सरकला. दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरून बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

‘म्हणजे तुला कळलं होतं,’ दादा म्हणाला. ‘कधी सोडायची आणि कधी थांबवायची, ते तुला कळतंच. मग त्या दिवशीही तुला काहीतरी दिसलंच असणार. मी उगाच तुला... इतके दिवस... मूर्खासारखा टोचत राहिलो रे. कळलं होतं ना तुला?’

फलाट रिकामा होत आला होता. याच्यासाठी तो झुरला होता. याचसाठी त्याने तो नियम केला होता, ते शून्य खरं मानलं होतं, आणि आता ते मिळालं होतं, सगळंच्या सगळं, बाबा गेले त्या दिवसासकट. दादा उत्तराची वाट बघत होता, लहानपणी कधी बघितली नसेल तशा आशेने.

‘हो,’ तो म्हणाला.

दादाने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि म्हणाला, ‘चल, तुझी बायको वाट बघत असेल.’ आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून चालायला लागला.